मंडालेच्या कैद्यांची यादी

आमच्याकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही मंडाले म्हटलं की पुढचं सगळं पाठ असतं, टिळक, सहा वर्षांची शिक्षा, पेन्सिलीनं लिहून काढलेलं गीतारहस्य, आणि तिकडं टिळक तुरुंगात असताना इकडं सत्यभामाबाई गेल्या ते. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून पुण्याला आले आणि त्यांच्याबरोबर मंडाले पण आपल्या पुस्तकातून गेलं ते कायमचं. त्या गावाचं पुढं काय झालं, आज तिथल्या तुरुंगात कोण बसलंय, कुठल्या कलमाखाली बसलंय, हे आपल्याला कधी विचारावंसं वाटत नाही आणि मला हे फार खटकतं, गेल्या चार-पाच वर्षांत तर जास्तच.

मी बेळगावच्या कोर्टात वकिली करते. रोजचं काम म्हणजे जमिनीची भांडणं, वाटण्या, बांध, उताऱ्यावर नाव चढलं नाही, असलंच जास्त. पण नोव्हेंबर-डिसेंबर आला की आमच्यापैकी काही जणांकडं दुसरं काम येतं. बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून पाळतात तो एक नोव्हेंबरचा काळा दिन, कर्नाटकच्या अधिवेशनाच्या वेळचा मराठी लोकांचा महामेळावा, त्यात घोषणा दिल्या म्हणून, फलक लावला म्हणून, परवानगी नसताना जमले म्हणून पोरांवर गुन्हे दाखल होतात, मग त्यांचे आईबाप येतात, बेल, जामीनदार, मुचलका, आणि पुढं वर्षानुवर्षं तारखा. ज्यानं सीमाभाग बघितलेला नाही त्याला हे सांगून पटत नाही, ज्यानं बघितलाय त्याला सांगायची गरज नाही.

तर मंडाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाच्या, सैन्यानं सत्ता घेतली तेव्हा मी मोबाईलवर बातम्या वाचत होते आणि एका ठिकाणी थांबले. यांगून आणि मंडालेमध्ये कलम १४४ लावलं, पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही, रात्री आठ ते पहाटे चार संचारबंदी. कलम १४४! हे आमचंच की. म्हणजे नुसता आकडा सारखा असं नाही, कायदाच तो. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, त्यामुळं आपली १८६० ची दंडसंहिता आणि हे १४४ ज्यात आहे ती फौजदारी प्रक्रिया संहिता तिकडं पण लागू झाल्या आणि इंग्रज गेल्यावर पण तशाच राहिल्या. खून तिकडं पण ३०२, फसवणूक तिकडं पण ४२०, आणि राजद्रोह तिकडं पण १२४ अ, ज्या कलमाखाली टिळकांना मुंबई हायकोर्टात २२ जुलै १९०८ ला शिक्षा झाली. आपल्याकडं आता नवीन संहिता आली, १४४ चं १६३ झालं, राजद्रोहाचं कलम सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये थांबवून ठेवलं होतं आणि नव्या कायद्यात ते १५२ होऊन वेगळ्या शब्दांत परत आलं. तिकडं मात्र जुनं पुस्तक तसंच आहे आणि सैन्यानं त्यात भर घातली, ५०५ अ. लोकांत भीती पसरवणं, खोटी बातमी पसरवणं, सरकारी नोकराविरुद्ध चिथावणी देणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. फेसबुकवर एक ओळ लिहिली, आंदोलनाची खूण म्हणून तीन बोटं वर करून फोटो टाकला, संपावर गेलेल्या डॉक्टरला जेवण दिलं, लाव ५०५ अ.

त्याच आठवड्यात त्यांनी अजून एक गोष्ट केली, तिची बातमी फार झाली नाही पण माझ्या पोटात गोळा आला तो त्यानं. नागरिकांच्या खासगीपणाचा जो कायदा होता त्यातली तीन कलमं स्थगित केली. त्याचा अर्थ असा की वॉरंट नसताना घरात घुसता येतं, आणि अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायचं बंधन राहिलं नाही.

चोवीस तास म्हणजे काय हे वकिलाला विचारा. रात्री एखाद्या पोराला उचललंय असा फोन येतो, आई रडत असते, मी तिला एकच सांगू शकते, की उद्या दुपारपर्यंत त्यांना त्याला मॅजिस्ट्रेटपुढं आणावंच लागेल, आणि ते आणतात, त्याला कुठं लागलंय का ते मॅजिस्ट्रेट विचारतात, विचारावं लागतं. आपल्या घटनेचं कलम २२. इथं बरंच काही वाकडं चालतं, मी रोज बघते, पण हा एक खिळा अजून भिंतीत आहे आणि त्याला धरून बाकीचं सगळं लोंबकळतंय. तिकडं त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांतच तो खिळा उपटला. त्यानंतर एखाद्याला नेलं की तो कुठं आहे ते कुणी सांगायला बांधील नाही, आणि कित्येक घरांत असं झालं की रात्री नेला आणि सकाळी प्रेत घेऊन जा म्हणून निरोप आला.

काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण आपल्याकडच्या पेपरात ते तुकड्या-तुकड्यात आलं. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांचा पक्ष प्रचंड मतांनी निवडून आला. नवी संसद बसायच्या दिवशी, १ फेब्रुवारीला पहाटे, सेनापती मिन आंग ह्लाईंग यांनी राष्ट्राध्यक्ष विन मिंट, सू ची आणि इतर नेत्यांना उचललं आणि निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून जाहीर केलं. लोक रस्त्यावर आले, रात्री आठ वाजता घराघरातून भांडी वाजवायला लागले, तिकडं भांडी वाजवून घरातली भुतं हाकलायची जुनी रीत आहे. ९ फेब्रुवारीला राजधानी नेपिडोमध्ये दुकानात काम करणाऱ्या म्या थ्वे थ्वे खाईंग या मुलीला डोक्यात गोळी लागली, हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध असतानाच ती वीस वर्षांची झाली आणि १९ तारखेला गेली. आंदोलनातला तो पहिला बळी. त्यानंतर मोजणी थांबलेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये सागाईंग भागातल्या पाझिजी गावात लोक जमले असताना विमानातून बॉम्ब टाकले, दीडशेच्या वर माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. देशात तीस लाखांपेक्षा जास्त लोक घर सोडून पळालेत.

आणि कोर्ट? सू ची यांच्यावर वॉकीटॉकी बेकायदा आणल्याचा, कोविडचे नियम मोडल्याचा, भ्रष्टाचाराचा, गोपनीयतेचा असे एकामागून एक खटले, सगळे बंद दाराआड. बाहेर माहिती देत होते ते त्यांचे वकील, त्यांनी मीडियाशी बोलायचं नाही असा ऑक्टोबर २०२१ मध्ये हुकूम निघाला. एकूण शिक्षा तेहेतीस वर्षं, मग २०२३ मध्ये मेहेरबानी म्हणून सत्तावीस. राजकीय कैद्यांची वकीलपत्रं घेतली म्हणून कित्येक वकिलांनाच आत टाकलं. आमच्या बार रूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा एका ज्युनियर मुलीनं विचारलं, मॅडम, मग तिकडं बेलचा अर्ज कोण करतं? मला उत्तर देता आलं नाही.

आता यादीबद्दल. थायलंडच्या सीमेवर माए सोत नावाचं गाव आहे, तिथं ब्रह्मदेशातल्या जुन्या राजकीय कैद्यांनी २००० साली एक संघटना काढली, राजकीय कैद्यांना मदत करणारी. स्वतः तुरुंगात सडून आलेली माणसं. ते रोज यादी करतात. कोण मेलं, कुठं, कुणाला अटक, कुठलं कलम, कुठला तुरुंग, शिक्षा किती. त्यांच्या नोंदीप्रमाणं सैन्याच्या हातून मारले गेलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या पुढं गेला आणि वीस हजारांच्या वर लोक आत होते. पण आकड्यापेक्षा मला त्यांची शिस्त महत्त्वाची वाटते. खात्री झाल्याशिवाय नाव चढवत नाहीत. जगातले पेपर, संयुक्त राष्ट्रांचे लोक, परदेशी सरकारं, सगळे याच यादीवर भरवसा ठेवतात. आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून एक वेगळी यंत्रणाच ठेवलीय पुरावे गोळा करायला, आज ना उद्या कुठल्या तरी कोर्टात केस उभी राहील तेव्हा फाईल तयार पाहिजे म्हणून. ते काम वाया गेलं नाही, नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सरकारी वकिलांनी मिन आंग ह्लाईंग यांच्याविरुद्ध वॉरंट मागितलं, रोहिंग्या मुसलमानांवरच्या अत्याचाराबद्दल.

लोक विचारतात, अशा याद्यांनी काय होतं? गोळी थांबते का? नाही थांबत. जुलै २०२२ मध्ये चार जणांना फाशी दिली, त्या देशात तीस वर्षांहून जास्त काळात कुणाला फाशी झाली नव्हती. त्यातले एक फ्यो झेया थॉ, आधी हिप-हॉप गायचे, मग खासदार झाले, दुसरे को जिमी, १९८८ च्या विद्यार्थी चळवळीपासूनचे. सगळ्या जगानं नको नको म्हणून सांगितलं होतं, तरी दिली. फाशीच्या जेमतेम आधी झेया थॉ यांचं आईशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं होतं, त्यात त्यांनी चष्मा, पुस्तकं आणि खर्चाला थोडे पैसे मागितले होते. आईला माहीत नव्हतं ते शेवटचं बोलणं आहे. प्रेतं पण दिली नाहीत घरच्यांना. हे सगळं मला बेळगावात बसून माहीत आहे कारण कुणीतरी लिहून ठेवलं. लिहून ठेवलं नसतं तर त्या आईचा शब्द विरुद्ध सरकारचा शब्द एवढंच राहिलं असतं, आणि अशा सामन्यात आई नेहमी हरते, हे मी माझ्या कामात पुरेपूर बघितलंय.

डिसेंबर २०२२ चा तो आठवडा मी विसरू शकत नाही. १९ तारखेला आमच्याकडं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं, सुवर्णसौधमध्ये. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर महामेळावा ठरला होता, परवानगी मिळाली नाही, स्टेज काढायला लावलं, १४४ लागू झालं, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांना ताब्यात घेतलं, तिकडं निपाणीच्या पुढं कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना अडवलं. २२ ला इथल्या विधानसभेत ठराव झाला की एक इंच पण जमीन देणार नाही. २७ ला नागपूरच्या विधानसभेत ठराव झाला की बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसकट ८६५ मराठी गावांची इंच न् इंच जमीन घेणार. आमचे फोन, व्हॉट्सॅपचे ग्रुप, टीव्ही सगळं त्यानंच भरलेलं. आणि याच्या मधेच, २१ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत म्यानमारवर मतदान झालं. हिंसाचार थांबवा, सू ची आणि विन मिंटसकट सगळ्या कैद्यांना सोडा, असा ठराव, क्रमांक २६६९. सत्तर वर्षांहून जास्त काळात परिषदेनं म्यानमारच्या परिस्थितीवर केलेला पहिला ठराव. बाजूनं बारा, विरोधात कुणी नाही, तटस्थ तीन. चीन, रशिया आणि भारत. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद पण आपल्याकडंच होतं. त्याआधी जून २०२१ मध्ये आमसभेत पण असंच झालं होतं, ११९ बाजूनं, विरोधात एकटं बेलारूस, छत्तीस तटस्थ, त्यात आपण.

आमच्या गल्लीत एक सुभेदार काका आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, तरुणपणी ईशान्येकडं ड्यूटी केलेली. संध्याकाळी कट्ट्यावर मी या मतदानाचं बोलले तर म्हणाले, "अगं, त्यांच्या देशाचं त्यांनी बघावं की. आपण कशाला मधी पडायचं? त्यांच्या घरातली भानगड हाय ती."

मी म्हटलं, "काका, मग नागपूरला आपल्यासाठी ठराव केला तो तरी कशाला करायचा? बेंगळूर पण तेच म्हणतंय, आमच्या घरातली भानगड आहे, तुम्ही मध्ये पडू नका."

"ते वेगळं. ते आपलेच हायत की."

"आणि मिझोरमचे?"

यावर ते जरा वेळ गप्प बसले, कारण मिझोरम त्यांनी बघितलेलं आहे. तिऔ नदीच्या अलीकडं मिझो, पलीकडं म्यानमारमधले चिन जमातीचे लोक, रक्ताचे नातेवाईक, मधे नदी आणि दोन देश. फेब्रुवारी २०२१ नंतर चिन लोक नदी ओलांडून यायला लागले तेव्हा दिल्लीनं सीमेवरच्या राज्यांना कळवलं की येऊ देऊ नका, आणि मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे आमचे भाऊबंद आहेत, आम्हाला डोळे झाकून बसता येणार नाही. तीस हजारांहून जास्त माणसांना त्या एवढ्याशा राज्यानं ठेवून घेतलं. चर्चमध्ये, शाळेत, लोकांच्या घरात. काका म्हणाले, "होय, ती माणसं तशीच हायत. आमच्या वेळेला बी पलीकडची माणसं बाजाराला यायची, कोण इकडलं कोण तिकडलं कळायचं न्हाई." मग स्वतःच म्हणाले, "आपलं चंदगड-बेळगावसारखं." मला वाटतं यानंतर त्यांना माझं म्हणणं समजलं असावं, पण मतदानाबद्दल ते काही बोलले नाहीत, त्यांच्या मनात सैन्याबद्दल, कुठल्याही देशाच्या का असेना, एक आदर आहे आणि तो मी एका संध्याकाळी काढून घेऊ शकत नाही.

दिल्लीची बाजू मला माहीत नाही असं नाही. सोळाशे किलोमीटरच्या वर सीमा, ईशान्येतले अतिरेकी पलीकडं जाऊन लपतात, आपला कलादान वाहतूक प्रकल्प, त्याचं सित्वेचं बंदर, आणि आपण हात काढला की चीन हात घालतो. सुरक्षा परिषदेत आपल्या राजदूतांनी सांगितलं पण, की शांतपणे, धीरानं राजनैतिक मार्गानंच हे सुटेल. ठीक आहे. पण याच भारतानं सू ची नजरकैदेत होत्या तेव्हा त्यांना नेहरू पुरस्कार दिला होता आणि तेव्हा पण सीमा तेवढीच होती, चीन पण तिथंच होता. आणि शांतपणे बोलून काही घडलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

मला सगळ्यात जास्त लागतं ते दुसरंच. बाहेरच्यांनी मध्ये पडू नये हे आपण म्हणतो, पण ज्यांचं नाव आपण गल्लीला, चौकाला, अख्ख्या टिळकवाडीला दिलं त्यांची गोष्ट तर उलटी सांगते. टिळकांना पहिली राजद्रोहाची शिक्षा झाली सप्टेंबर १८९७ ला, अठरा महिने. तेव्हा इंग्लंडमध्ये राणीच्या सरकारकडं दयेचा अर्ज गेला आणि त्यावर सही कुणाची, तर ऑक्सफर्डच्या मॅक्स म्युलरची. वेदांचा अभ्यास करणारा म्हातारा पंडित, टिळकांच्या राजकारणाशी त्याचं देणंघेणं नव्हतं, टिळकांचं संशोधन त्यानं वाचलं होतं आणि असा माणूस तुरुंगात राहणं त्याला बरोबर वाटलं नाही, एवढंच. विल्यम हंटर यांची सही, दादाभाई नौरोजींची सही. टिळक सहा महिने आधी सुटले. १९०८ ला मंडालेची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला, आणि त्याची दखल कुठं घेतली गेली तर युरोपात निर्वासित होऊन राहिलेल्या लेनिनच्या लेखात. इंग्रज सरकारच्या दृष्टीनं हे सगळे बाहेरचेच होते की. ब्रिटिश साम्राज्याच्या अंतर्गत बाबीत नाक खुपसणारे.

आणि मंडालेहून सुटल्यावर टिळक कामाला कुठं लागले? आमच्या इथं. २८ एप्रिल १९१६ ला होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली, प्रांतिक परिषदेच्या वेळी. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, ज्यांना कन्नड माणसं कर्नाटक सिंह म्हणतात, ते टिळकांचे उजवे हात, तेव्हा कुणाला मराठी-कन्नड असं वेगळं करावंसं वाटलं नव्हतं. १ मे ला टिळकांचं बेळगावात भाषण झालं, मग ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरला दोन. या तीन भाषणांवरून सरकारनं परत कारवाई केली, पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. मी मुचलक्याचे कागद करते तेव्हा मला हे हमखास आठवतं, बेळगावच्या भाषणाचा मुचलका. जिनांनी हायकोर्टात टिळकांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला जस्टिस बॅचलर आणि जस्टिस शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सरकार परकं, कायदा परका, तरी एक कोर्ट होतं, उघड्या दारानं चालणारं, तिथं वकील उभा राहू शकत होता आणि सरकार हरू शकत होतं. त्याच कायद्याच्या पुस्तकावर आज मंडालेमध्ये तुरुंगाच्या आत कोर्ट भरवतात आणि काही भागात लष्करी न्यायाधिकरणं निकाल देतात, ज्यावर अपील नाही. १९१६ च्या इंग्रजांपेक्षा ही परिस्थिती वाईट आहे, आणि हे मी भावनेच्या भरात नाही, वकील म्हणून लिहितेय.

म्हणूनच बेळगाव आणि म्यानमारची बरोबरी कुणी केलेली मला चालत नाही. आमच्यातले काही तरुण तावातावानं म्हणतात की इथं पण तेच चाललंय. तेच चाललेलं नाही. हिंडलग्याला १ जून १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, हुतात्मा स्मारक आहे तिथं, दरवर्षी आपण जातो. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून घरात घुसून लाठ्या बसल्या. मराठीत कागद मिळावेत म्हणून अजून अर्ज करावे लागतात, जिथं भाषक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं तसा कायदा असून. सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून पडून आहे. हे सगळं खरं आहे, दुखणारं आहे, आणि मी त्यासाठी भांडते आणि भांडत राहीन. पण मी भांडू शकते. संध्याकाळी घरी येऊ शकते. हे लिहून माझ्या नावानं टाकू शकते. आपलं दुःख मोठं दाखवायला त्या माणसांचं दुःख उसनं घेतलं तर त्यांच्यावर अन्याय होतो, आणि आपली केस पण कमजोर होते, समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ती फाडून टाकतो.

आमच्या बारमध्ये एक कन्नड सहकारी आहेत, मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का म्हणतात. सीमाप्रश्नावर आमचं कधी जमलं नाही आणि जमणार पण नाही. मी त्यांना ती कैद्यांची यादी दाखवली, त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ वाचली, कलमं बघत होते, १२४ अ, ५०५ अ, मधेच वय बघायचे. मग म्हणाले, "अक्का, हे सगळं बरोबर. पण तुमच्या या बाईनं रोहिंग्यांच्या वेळी काय केलं?"

प्रश्न योग्य होता. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सैन्यानं राखाईन प्रांतात गावंच्या गावं जाळली, सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि तेव्हा सरकार सू ची यांचं होतं. गांबियासारख्या लांबच्या छोट्या देशानं आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराची केस घातली, तर डिसेंबर २०१९ मध्ये हेगला जाऊन सैन्याची बाजू मांडायला सू ची स्वतः उभ्या राहिल्या. ॲम्नेस्टीनं त्यांना दिलेला पुरस्कार त्याआधीच काढून घेतला होता. ज्या सैन्याला त्यांनी जगापुढं वाचवलं त्याच सैन्यानं चौदा महिन्यांत त्यांना उचललं. यात समाधान मानावं असं काही नाही, त्यांची अटक तरी बेकायदाच आहे, आणि त्यांच्या सुटकेची मागणी करताना रोहिंग्यांचं नाव गाळणं पण चूकच आहे. १९८२ च्या कायद्यानं त्या लोकांचं नागरिकत्वच नाकारलंय, पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाला तू इथला नाहीस म्हणून सांगितलं. सत्तापालटानंतर तिथल्या कित्येक बामार, म्हणजे बहुसंख्य समाजातल्या, तरुणांनी उघडपणे रोहिंग्यांची माफी मागितली, की आमच्यावर आल्यावर आम्हाला कळलं. मला त्या पोरांबद्दल फार आदर वाटतो.

अण्णांना मी हे सांगितलं. मग ते म्हणाले, "आणि जत?" यावर मात्र आम्ही दोघं पुढं बराच वेळ बोललो. जत, अक्कलकोट भागात कन्नड बोलणारी गावं आहेत, कन्नड शाळा आहेत, त्यांना शिक्षक पाहिजे असतात, पुस्तकं वेळेवर पाहिजे असतात, सरकारी कागद कळेल असा पाहिजे असतो. म्हणजे बेळगावात आम्ही जे मागतो तेच, शब्द न् शब्द. मी समितीच्या बैठकीत हे एकदा बोलले होते, टाळ्या पडल्या नाहीत, पण एक वयस्कर कार्यकर्ते नंतर येऊन म्हणाले की पोरी, बरोबर बोललीस. घटनेचं कलम ३५० अ भाषक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी आहे, त्यात मराठी असं लिहिलेलं नाही आणि कन्नड असं पण लिहिलेलं नाही.

तर मागणं काय माझं? सैन्य पाठवा असं कुणीच म्हणत नाहीये. मंडालेमध्ये भारताची वकिलात आहे. मार्च २०२५ चा भूकंप झाला तेव्हा आपली विमानं, डॉक्टर, फील्ड हॉस्पिटल, सगळं थोड्याच दिवसांत मंडालेपर्यंत पोचलं होतं, ऑपरेशन ब्रह्मा, आणि ते फार चांगलं केलं आपण. म्हणजे पोचता येतं. त्याच वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं तिथल्या तुरुंगातल्या राजकीय खटल्यांना हजर राहायची परवानगी लेखी मागावी. नाकारली तर नाकारल्याचं पत्र लेखी घ्यावं. संसदेत आपल्या खासदारांनी प्रश्न विचारावा, बेळगावच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या, कारण ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत कैदेत राहून मेला आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत कैदी होते, त्यामुळं रत्नागिरीचा तरी तिथल्या कैद्यांवर बोलायचा हक्क कुणी नाकारू नये. पुढच्या वेळी ठराव येईल तेव्हा तटस्थ राहू नये. आणि मिझोरममध्ये जे आलेत त्यांना परत ढकलू नये, तिकडं सैन्यात सक्तीची भरती फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालीय, त्यातली वीस-बावीस वर्षांची पोरं त्या भरतीतनं पळून आलेली आहेत.

आमच्या बारमधल्या काही जणांनी मिळून या मागणीचं पत्र केलंय, परराष्ट्र मंत्रालयाला आणि आमच्या खासदारांना. मसुदा मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत आहे, कन्नड अण्णांनी केला. मंडालेच्या ज्या कैद्यांचं नाव, वय, कलम आणि शिक्षा यादीत पक्की आहे तेवढीच नावं त्याला जोडलीत. सही करायची असेल तर कोर्टाच्या वेळात बार रूममध्ये या, वकीलच असायला पाहिजे असं नाही.